दिवसाला ३३ रुपये

कर्जाचा हप्ता महिन्यातून एकदाच जातो, पण त्याचा विचार मात्र रोज संध्याकाळी ‘उद्या भाजी काय करायची’ या प्रश्नाच्या आडून घरात शिरत असतो. घराच्या वाढीव बांधकामासाठी एका पतसंस्थेकडून घेतलेले कर्ज फेडू लागल्यापासून आमच्या जळगावच्या घरात किराण्याचा आणि कर्जाचा हिशेब एकाच वहीत, समोरासमोरच्या पानांवर लिहिला जातो. यजमानांना ही पद्धत थोडी निष्ठुर वाटते. मला ती सोयीची वाटते, कारण डाव्या पानावर वाचलेला रुपया उजव्या पानावर काय करतो हे मान जरा वळवली की दिसते.

तो काय करतो, हे एकदा नीट मांडून पाहण्यासारखे आहे. ३ लाख रुपयांचे कर्ज वर्षाला १२ टक्के दराने, घटत्या शिलकीवर, ५ वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण ६,६७३ रुपये पडतो. पहिल्या हप्त्यातले ३,००० रुपये व्याजातच जातात आणि मुद्दल कमी होते ते फक्त ३,६७३ रुपयांनी. मात्र याच कर्जात सुरुवातीपासून दरमहा १,००० रुपये जास्तीचे भरत गेले, तर ६० महिन्यांचे कर्ज ५० महिन्यांत फिटते आणि व्याजाचे सुमारे १८,००० रुपये वाचतात. जादा रक्कम मुद्दलात जमा करावी असे लेखी देणे बरे असते, नाही तर ती पुढच्या हप्त्याची आगाऊ रक्कम म्हणून पडून राहू शकते. आता महिन्याचे १,००० म्हणजे दिवसाचे ३३ रुपये आणि दिवसाचे ३३ रुपये हा बँकेचा प्रश्न राहत नाही, तो स्वयंपाकघराचा होतो.

काटकसर करायची म्हटले की माणूस पहिल्यांदा नेहमीचाच पदार्थ स्वस्तात करू पाहतो. पनीर निम्मे घालतो, काजूऐवजी दाण्याचे कूट वाटतो, वरणात एक तांब्या पाणी वाढवतो. यातून वाचते थोडे आणि ताटावर बसलेल्या प्रत्येकाला आज काय कमी आहे ते मात्र लगेच कळते. माझे मत असे आहे की अशा वेळी तो पदार्थच वर्षभर बाजूला ठेवावा आणि मुळातच कमी खर्चाचा, पण स्वतःच्या जागी पुरेपूर असलेला दुसरा पदार्थ करावा. खानदेशात अशा पदार्थांची वानवा नाही, आणि त्याचे कारण येथल्या उन्हाळ्यात आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जाऊन बसतो, पालेभाज्या दुपारपर्यंत मान टाकतात आणि बाजारात जे मिळते ते महाग असते. नळ, विहिरी आणि पंप यांची आजच्यासारखी सोय नव्हती तेव्हा तर चैत्रानंतर हिरवी भाजी हीच चैन असली पाहिजे. म्हणून डाळींवर, बेसनावर आणि वाळवणांवर चालणारा एक संपूर्ण स्वयंपाक या भागात तयार झाला. माझ्या सासूबाई चोपड्याकडच्या, भाजी संपल्याची तक्रार मी केली की त्या वर न पाहता म्हणतात, “भाजी नही ते काय व्हयनं, दाय शे ना घरमा.”

त्या डाळीचे फुनके होतात. तुरीची डाळ, कधी तिच्यात मूठभर हरभऱ्याची, चार-पाच तास भिजवून पाणी अगदी निथळून टाकायचे आणि ती जाडसर वाटायची. गंधासारखी बारीक वाटली की फुनके दडस होतात. त्यात बारीक चिरलेला कांदा, लसूण, हिरवी मिरची, जिरे, हळद आणि भरपूर कोथिंबीर घालून, मिश्रण मुठीत दाबून त्याचे लांबट मुटके करायचे आणि चाळणीवर ठेवून वाफवायचे. मुठीत दाबताना बोटांच्या खुणा मुटक्यावर उमटतात आणि वाफवल्यानंतरही त्या तशाच राहतात, त्यामुळे कोणता फुनका सासूबाईंचा आणि कोणता माझा हे ताटात ओळखू येते. गरम फुनका हाताने फोडायचा, त्यावर चमचाभर तेल सोडायचे आणि सोबत आंबट ताकाची कढी घ्यायची. तुरीची डाळ आज स्वस्त नाही हे खरे. पण दीड वाटी डाळ भिजून फुगते, चौघांचे जेवण होते आणि उरलेले फुनके सकाळी कुस्करून कांद्यावर परतले की न्याहारीही सुटते. शिवाय वाफवताना तेल लागत नाही, हा तेलाच्या भावाकडे पाहता लहान मुद्दा नाही. बेसनाचे डुबुकवडे आणि पाटोड्या यांचेही तेच: रस्सा झणझणीत असला की आत भाजी नाही, हे कोणी विचारत नाही.

कळण्याच्या भाकरीचा हिशेब थोडा वेगळा आहे. चार भाग ज्वारी, एक भाग सालासकट काळे उडीद, थोडे मेथीदाणे आणि जाडे मीठ असे एकत्र दळून आणले की कळणा झाला. आमच्याकडे त्यासाठी दादर लागते, म्हणजे तापीकाठच्या काळ्या जमिनीत जिरलेल्या ओलीवर येणारी रब्बीची ज्वारी. गेली काही वर्षे ज्वारीला चांगलेच दिवस आले आहेत. २०२३ हे तर आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि गरिबाचे धान्य म्हणून ओळखली गेलेली ज्वारी दुकानात गव्हाच्या वर जाऊन बसली. त्यामुळे निव्वळ धान्याच्या भावात पाहिले तर कळणा आता स्वस्त नाही. तो स्वस्त पडतो तो ताटात. उडदामुळे त्या भाकरीला चव असते, मीठ असते, डाळीचे पोषण असते, आणि म्हणून तिला महागड्या भाजीची गरज पडत नाही. हिरव्या मिरचीचा ठेचा, वर दाण्याचे तेल आणि बुक्कीने फोडलेला कांदा एवढ्यावर जेवण पुरे होते. उडदाच्या चिकटपणामुळे भाकरी थापताना कडेने चिरत नाही, हा नवशिक्या हातांना मिळणारा वरचा फायदा. दळण मात्र थोडे-थोडेच आणावे, कारण पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि चवही कडवट होते. स्वस्तात पडते म्हणून महिन्याचे दळण एकदम आणण्यात काही काटकसर नाही.

गंमत अशी की हाच स्वयंपाक हमरस्त्यावरच्या ढाब्यावर ‘खानदेशी स्पेशल’ म्हणून भरभक्कम भावाने विकला जातो. शेवभाजी हे त्याचे ठळक उदाहरण. घरात भाजी नसताना डब्यातली तिखट शेव काळ्या मसाल्याच्या रश्श्यात सोडून निभावून नेण्याचा हा प्रकार. आज तो खाण्यासाठी लोक गाडी काढून शहराबाहेर जातात. भरताचेही तसेच झाले आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, थंडीत भरीत पार्ट्यांना ऊत येतो आणि त्यांचे फोटो मोबाइलवर फिरतात. मला याचा राग नाही. उलट मानांकनाचे वांगे हंगामात आठवडी बाजारात उतरत्या दुपारी पडत्या भावाने मिळते, तेव्हा फायदा माझाच असतो. फिकट हिरवे, पांढुरक्या रेषांचे ते मोठे वांगे कपाशीच्या काड्यांवर भाजले की गॅस वाचतो आणि धुराची चव येते, आणि काड्या आमच्याकडे शेत असलेल्या शेजाऱ्यांकडून फुकट येतात. भाववाढ झाली ती ढाब्यावर. पदार्थ होता तिथेच आहे.

आता परसाविषयी. परसबागेने कर्ज फिटते असे जे उत्साहाने सांगितले जाते, त्यावर माझा विश्वास नाही. मेथीची जुडी हंगामात इतकी स्वस्त होते की घरी वाफा करून, बी टाकून, पंचवीस-तीस दिवस पाणी देऊन वाचणारे पैसे वहीत लिहायलाही संकोच वाटतो. परस फायद्याचे ठरते ते नेमक्या अशा वस्तूंत, ज्या बाजारात थोड्या लागतात पण पुन्हा पुन्हा लागतात: कढीपत्ता, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, गवती चहा. या चार वस्तूंसाठी दर दोन दिवसांनी बाजारात जावे लागले नाही, की तिथे गेल्यावर सहज म्हणून घेतल्या जाणाऱ्या इतर आठ वस्तूही घरी येत नाहीत. खरी बचत त्या आठ वस्तूंची असते, आणि ती कोणत्याही पानावर लिहिता येत नाही.

दुसरा फायदा एकदा लावले की पुन्हा पुन्हा देणाऱ्या झाडांचा. पोकळा मुळापासून न उपटता जमिनीपासून चार बोटे ठेवून कापला तर पुन्हा फुटतो. शेवग्याची हाताएवढी जाड फांदी पावसाच्या तोंडावर रोवली तर तिचे झाड होते आणि शेंगांबरोबर पाल्याची आणि फुलांचीही भाजी देते. मोरीचे सांडपाणी जाते तिथे केळीचा कंद लावून ठेवला आहे. केळीच्या जिल्ह्यात राहून केळी विकत घ्यावी हे सासूबाईंना मुळीच पटत नाही. आणि गिलके, म्हणजे घोसाळे, तर माझे लाडके. पावसाळ्यात हा वेल कुंपणावर चढवून दिला की त्याच्याकडे कोणी पाहिले नाही तरी चालते. कोवळ्याची भाजी, त्याहून बरी म्हणजे त्याच्या चकत्यांची भजी. शेवटची दोन गिलकी वेलावरच जून होऊ द्यायची. साल करकरीत तपकिरी झाली की ते हातात हलके लागते आणि हलवले की आत बिया खुळखुळतात. टोक मोडून उलटे धरले की काळ्या, चपट्या बिया पटापट परातीत पडतात, पुढच्या वर्षाचे बियाणे होते. साल सोलली की आत राहते ते जाळीदार घोसाळे अंग घासायला आणि भांड्यांना कामी येते. दुकानात हीच जाळी सुबक कागदात गुंडाळून ‘नैसर्गिक’ म्हणून विकायला असते, तिचा भाव मी विचारून आले आहे.

मार्चच्या मध्यानंतर मात्र परस आवरते घ्यावे. टँकरचे किंवा बोअरचे पाणी घालून एप्रिल-मेमध्ये टोमॅटो जगवणे हा तोट्याचा धंदा आहे. उन्हाने फुले गळतात आणि हाती काही लागत नाही. झाडांच्या बुडाशी गव्हाचा भुसा किंवा केळीची वाळलेली पाने पसरून जे जगेल ते जगू द्यावे आणि आपण गच्चीवर जावे, कारण त्या उन्हाचा उपयोग तिथे आहे. वर्षाची मिरची, हळद तेव्हाच घ्यायची. कैरीच्या फोडींचे आमचूर, गवारीच्या उकडून वाळवलेल्या शेंगा, कुरडया, आणि मुख्य म्हणजे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड. बिबड्यांचा घाटा पहाटे शिजतो, त्यात तीळ, लसूण, मिरची असते, आणि ऊन चढायच्या आत कापडावर थापून संपवावा लागतो. एकटीदुकटीचे हे काम नव्हे. गल्लीतल्या बायका एकमेकींकडे पाळीने जातात, मजुरीचा प्रश्न येत नाही आणि जिच्या घरी बिबडे असतील तिने सर्वांना गरम घाटा तेल घालून वाटीत द्यायचा, एवढाच मोबदला असतो. तीन-चार तासांत वर्षभराचे तळण कापडावर पसरलेले असते. पाकिटातल्या चिप्सचा खर्च आमच्या घरात असा कमी झाला, बंद झाला असे म्हणणार नाही. मुलगा कॉलेजात जातो.

या सगळ्यात सणांना कात्री लावायची नाही, हे आम्ही आधीच ठरवले होते. अक्षय्य तृतीया, म्हणजे आमची आखाजी, हा खानदेशात केवळ सण नाही, हिशेबाचा दिवसही आहे. सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे, वर्ष आखाजीला संपते आणि नवे सुरू होते. मार्चअखेरची धावपळ संपून कर्जाचा उतारा हातात आलेला असतो, म्हणून आमची वहीही त्याच सुमारास तपासली जाते. त्या दिवशी खापरावरची पुरणपोळी आणि आमरस होतोच, तूपही हात आखडून वाढले जात नाही. वर्षभर फुनके आणि कळणा आनंदाने खाणारे घर या एका दिवशी ताटात मोजमाप दिसले तर बिथरेल, आणि मग ३३ रुपयांचा नियम महिनाभरही टिकणार नाही, असा माझा अंदाज आहे.

यंदाच्या उताऱ्यावर शिल्लक मुद्दल प्रथमच व्याजाच्या धाकातून बाहेर आल्यासारखे दिसते. हप्त्यातला मोठा भाग आता मुद्दलात जातो. त्यामुळे बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज पूर्ण फिटल्याचा कागद, मिळाल्यावर काय करायचे, याची चर्चा घरात सुरू झाली आहे. मुलाला मोटारसायकल हवी आहे, म्हणजे पुन्हा हप्ता. यजमानांना परसाच्या निम्म्या जागेवर फरशी बसवून हवी आहे. सासूबाईंनी या दोघांनाही काही उत्तर दिलेले नाही. त्यांनी फक्त चोपड्याला भावाकडे फोन करून, पावसाच्या आधी शेवग्याची एक चांगली जाड फांदी पाठवून दे, असे सांगितले आहे, आणि ती कुठे लावायची ती जागाही, फरशीच्या नियोजित क्षेत्रात बरोबर मधोमध, विटा मांडून अडवून ठेवली आहे.