उलटवलेला ऑब्जेक्ट आणि पणजीच्या गाड्या

फोंड्यात माझ्या मामाचं गॅरेज आहे. तिथल्या नोंदींचं छोटं वेब ॲप मीच सांभाळते. नंबरप्लेटवरच्या कोडवरून गाव कळावं म्हणून त्यात एक ऑब्जेक्ट आहे, म्हणजे की (खूण) आणि तिची व्हॅल्यू अशा जोड्यांचा साठा; इथे कोड ही की आणि गाव ही व्हॅल्यू: '०१' पणजी, '०२' मडगाव, '०३' म्हापसा, '०५' फोंडा, '०६' वास्को, असा. परवा मामा म्हणाला, "अगं, मी पणजी टाकलं की पणजीच्या सगळ्या गाड्या दिसू देत ना."

म्हणजे की आणि व्हॅल्यूची अदलाबदल. जावास्क्रिप्टमध्ये हे एका ओळीचं काम: ऑब्जेक्ट.एंट्रीजने जोड्या काढा, मॅप या मेथडने प्रत्येक जोडी उलटी करा आणि २०१९ च्या आवृत्तीत आलेल्या ऑब्जेक्ट.फ्रॉमएंट्रीजने पुन्हा ऑब्जेक्ट बांधा. ही ओळ मला आवडते, पण मामाच्या कामाला ती चालत नाही.

कारण गोव्यात '०७' सुद्धा पणजीचाच आणि '०८' सुद्धा मडगावचाच. उलटवल्यावर 'पणजी' ही की एकदाच राहणार, तिच्यात शेवटी आलेला '०७' बसणार आणि '०१' वर बोळा फिरणार. एरर नाही, वॉर्निंग नाही. काउंटरवर बसलेल्या मामाला एवढंच दिसणार की पणजीची अमुक गाडी यादीत नाही, आणि मग फोन मला. लोडॅश या जावास्क्रिप्ट लायब्ररीचं इन्व्हर्ट, रुबी भाषेचं इन्व्हर्ट, पीएचपी भाषेचं अरे_फ्लिप, सगळ्यांची हीच तऱ्हा: शेवटचा येईल तो राहील.

म्हणून मी सरळ लूप लिहिला. गावाच्या नावाचा अरे, म्हणजे यादी, नसेल तर रिकामा तयार करायचा आणि कोड त्यात पुश करायचा. 'पणजी' मागितलं की '०१' आणि '०७' दोन्ही हातात. लोडॅशचं इन्व्हर्टबाय हेच करतं, पण चार ओळींसाठी मी लायब्ररी ओढून आणत नाही.

आणखी एक गंमत. मूळ ऑब्जेक्टच्या कीज छापल्या तर '१०', '११', '१२' आधी येतात आणि '०१' त्यांच्या मागून. पूर्णांकासारख्या दिसणाऱ्या कीज जावास्क्रिप्ट चढत्या क्रमाने पुढे घेतं. सुरुवातीला शून्य असलेली की त्याच्या लेखी नुसता मजकूर. ड्रॉपडाउनमध्ये क्रम हवा असेल तर स्वतः सॉर्ट करा किंवा ऑब्जेक्टऐवजी मॅप नावाची रचना वापरा (वरची मॅप मेथड वेगळी), तिच्यात कीज घातलेल्या क्रमानेच राहतात. व्हॅल्यू आकडे असतील तरी मॅपच बरा, कारण ऑब्जेक्टची की झाली की १ चा '१' होतो.

एका ओळीची युक्ती मी टाकून दिलेली नाही. बिलाच्या स्थितीचे कोड एकास एक आहेत, तिथे तीच आहे. फक्त आधी सगळ्या व्हॅल्यू सेटमध्ये घालून साइझ तपासते; सेटमध्ये एक व्हॅल्यू एकदाच राहते. कीजच्या संख्येपेक्षा कमी भरली तर थेट एरर फेकते.