मधलं शून्य कुठं जाते?

नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेचे फॉर्म सुटले की माह्या सेंटरवर गर्दी होते. गावात माझं ऑनलाइन कामाचं सेंटर आहे, सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, सगळं चालते. फॉर्म भरता भरता मायबाप हमखास विचारतात, भाऊ गणिताचं पुस्तक कोणतं घेऊ? मी म्हणतो पुस्तकाचं मंग पाहू, आधी पोराला ३६२४ भागिले १२ करायला लावा अन काय उत्तर येते ते सांगा. बरेच पोट्टे ३२ लिहितात. अन हे काही ढ पोट्टे नसतात बरं, पाढे तोंडपाठ असलेले असतात.

होते काय, ३६ मध्ये १२ तीनदा जाते, वर ३ लिहिला. मंग २ खाली घेतला, २ मध्ये १२ जात नाही, म्हणून लगेच ४ पण खाली ओढला, चोवीस झाले, बारा दुणे चोवीस, वर २ लिहिला, संपलं. मधात जे "जात नाही" म्हटलं त्याचं शून्य वर मांडायचं राहूनच गेलं. खरं उत्तर ३०२. आणि पेपर काढणारा काही येडा नाही, त्याला हे माहीत असते, म्हणून पर्यायात ३२ ठेवलेलाच असते अन पोरगं खुशाल गोल काळा करून पुढं जाते.

माह्या मोठ्या भावाची पोरगी यंदा पाचवीत आहे, गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत. वेचणीच्या दिवसात दादा-वहिनी दिवसभर वावरात, म्हणून शाळा सुटली की ती माह्या सेंटरवर येऊन बसते अन प्रिंटर चालू असताना आमचं गणित चालते. आमचा तिवसा तालुका, जिल्हा अमरावती, अन हे इथं बऱ्याच जणांना माहीत नसते की १९८५-८६ मध्ये देशात नवोदय सुरू झाले तेव्हा पहिल्या दोन शाळांपैकी एक आपल्या अमरावतीची होती, दुसरी हरियाणातल्या झज्जरची. एका शाळेत सहावीला जास्तीत जास्त ८० पोरं घेतात, त्यातल्या किमान ७५ टक्के जागा खेड्यातल्या पोरांसाठी, पण त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी खेड्यातल्याच शाळेत झालेली पाहिजे. चांगल्या शिक्षणाच्या नावानं चौथीतच पोराला शहरात नेऊन टाकणारे लोकं हे विसरतात अन मंग फॉर्म भरताना माह्या समोर डोक्याला हात लावून बसतात.

असो, भागाकार. माझं म्हणणं एवढंच आहे की मांडायच्या आधी अंदाज करायला शिकवा, ट्रिका मागून. ३६२४ मध्ये १२ किती वेळा जाईल? शंभर वेळा म्हणजे १२००, ते तर बसतात. हजार वेळा म्हणजे १२,०००, ते नाही बसत. म्हणजे उत्तर शंभर ते हजारच्या मधात, म्हणजे तीन अंकी. आता मांडायच्या आधीच वर तीन रेघा मारून ठेवायच्या, तीन घरं, अन प्रत्येक घरात काहीतरी भरलंच पाहिजे. मधलं घर रिकामं दिसलं की पोरगी सोताच थांबते अन तिथं शून्य मांडते. "शून्य विसरू नको" हे कितीबी वेळा ओरडून सांगा, त्याचा उपयोग नाही, रेघ दिसली पाहिजे.

आमचे आबाजी उभा भागाकार कधीच मांडत नाहीत. १४ बायकांना मिळून ३६४० रुपये द्यायचे असले तर त्यांचं असं चालते, दोनशे-दोनशे दिले तर २८०० गेले, उरले ८४०, आता साठ-साठ दिले तर तेबी गेले, म्हणजे २६०. कागद नाही पेन नाही. शाळेतल्या पद्धतीत हेच होऊन राहिलं असते पण तिथं २८०० चा २८ दिसते, म्हणून पोराला वाटते आपण ३६ मधून २८ वजा करून राहिलो. मी पोरीला आधी महिनाभर आबाजीच्या पद्धतीनंच करू दिलं. वेळ लागते, पण अंक कोणत्या घरातला आहे हे डोक्यात बसते, मंग उभी मांडणी आपोआप सुधारते.

आता ट्रिकांबद्दल. तालुक्याला एक क्लास आहे, नाव नाही घेत, तिथं पोरांना विभाज्यतेच्या कसोट्या गाण्यासारख्या पाठ करवतात. पाठ असणं वाईट नाही पण दोन महिन्यानं ४ ची कसोटी कोणती अन ८ ची कोणती याचा खिचडा होते. कारण सांगायला पाच मिनिटं लागतात हो. १०० ला ४ नं पूर्ण भाग जाते म्हणून ४ साठी शेवटचे दोनच अंक पाहायचे. १०० ला ८ नं जात नाही, १००० ला जाते, आठ गुणिले १२५, म्हणून ८ साठी शेवटचे तीन अंक. ९ चं तर भल्लं मजेदार आहे, प्रत्येक शंभर म्हणजे ९९ अन वरचा १, प्रत्येक दहा म्हणजे ९ अन वरचा १. ४३२ मध्ये ९९ चे अन ९ चे गठ्ठे बाजूला सारले तर उरते काय, ४, ३ अन २, त्यांची बेरीज ९, तिला भाग जाते म्हणजे आख्ख्या संख्येला जाते. हे समजल्यावर पोरगी ३ ची कसोटी सोताच सांगून गेली.

एक ठिकाणी मात्र सगळेच फसतात. २४ नं भाग जाते का पाहायला ४ अन ६ तपासतात. ३६ घ्या, ४ नं जाते, ६ नं जाते, २४ नं नाही जात. तिथं ३ अन ८ पाहावे लागतात, कारण त्या दोघांमध्ये १ सोडून सामाईक विभाजकच नाही.

पण सरळ भागताना २४ चे ४ अन ६ केले तर चालते. १७२८ भागिले २४, आधी ४ नं ४३२, मंग ६ नं ७२, एका ओळीत काम. बाकी उरली की मात्र सांभाळून. १७३३ घेतले, ४ नं भागले तर ४३३ अन बाकी १, मंग ६ नं भागले तर ७२ अन बाकी १. पोरगी म्हणे, "काका, एक अन एक दोन, बाकी दोन." मी म्हटलं संत्र्याचे चार-चारचे ढीग लावले, ४३३ ढीग झाले अन एक संत्रं सुटं राहिलं. सहा-सहा ढीग थैलीत भरले, ७२ थैल्या झाल्या, एक ढीग उरला. त्या ढिगात संत्री किती? "चार... अन ते सुटं एक. हाव बाप्पा, पाच!" मंग २४ गुणिले ७२ अधिक ५ करून पाहिलं, १७३३ आले. भाज्य बरोबर भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी, हे सूत्र शाळेत सगळे लिहितात, पडताळा घ्यायला कोणी वापरत नाही.

खरं सांगू तर परीक्षेत साध्या भागाकारापेक्षा बाकीवरच जास्त अडकतात. ३०० वऱ्हाडी, एका बसमध्ये ४२ जण, बसा किती? ७ येतात अन बाकी ६, पोट्टे ७ लिहून मोकळे. अरे ते सहा जण काय पायी येतील का लग्नाला? ८ बसा लागतात. पण १०० रुपयात १२ रुपयाच्या वह्या किती, तिथं ८ च, उरलेल्या चार रुपयात कोणी नववी वही देत नाही. अन आज सोमवार तर १०० दिवसानं कोणता वार, तिथं तर भागाकार फेकून द्यायचा, ७ नं भागून बाकी २, बुधवार. म्हणून दर गणितात तिला विचारतो, बाकीचं काय करायचं, वाढवायचं, सोडायचं का तेच उत्तर?

६, ८, ९ नं भागल्यावर दर वेळी ५ उरणारी, खुद्द ५ सोडून लहानात लहान संख्या, हे तर ठरलेलंच, लसावि ७२, त्यात ५, म्हणजे ७७. तिला हे येते आता.

वेळेचं म्हणाल तर नवोदयला दोन तासात ८० प्रश्न, त्यात गणिताचे २०. सरासरी दीड मिनिट एका प्रश्नाला. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत म्हणून कोरं काहीच सोडायचं नाही. आणि पर्याय आधी पाहायचे. ७४८८ ÷ ३६, पर्याय २८, २०८, २८०, २१८. ३६ दोनशे वेळा म्हणजे ७२००, मंग २८ गेलाच, अन २८० पण गेला. उरले २८८, छत्तीस आठे दोनशे अठ्ठ्याऐंशी, २०८. इथं शेवटचा अंक पाहून भागत नाही, २०८ अन २१८ दोन्हीत ८ च आहे. २५ नं भागायचं असलं तर चारपट करून दोन शून्य उडवायचे, १३५० ची चारपट ५४००, उत्तर ५४. अशा ट्रिका मी आता देऊन राहिलो, आता तिला पचतात.

सध्या दशांशाचे भागाकार सुरू आहेत. ६ ÷ ०.५ चं उत्तर तिनं ३ लिहिलं, भागलं की संख्या कमीच होते असं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आबाजी बाजूलाच होते, ते म्हणाले, "सहा रुपयात आठाणे किती व बाई?" तर ती म्हणे, "आबाजी, आठाणे म्हंजे काय?" मंग आधी तेच समजवावं लागलं, सोमवार ते बुधवारचं गणित करणाऱ्या पोरीनं आठाणे कधी पाहिलेच नाहीत. १२ आले शेवटी. दशांशाचं बाकी सगळं पुढच्या वेळी लिहितो, आता पीकविम्याची लाइन लागून राहिली.