परदेशी हक्क कुणाचे?

आज लंडनच्या ऑफिसात युरोपातल्या एका चॅनेलच्या खरेदीदार बाई आल्या होत्या. आमची मालिका त्यांना पहिल्याच एपिसोडला आवडली. पुढचा सगळा वेळ गेला तो आवाजावर बोलण्यात! डबिंग करायचं तर संगीत आणि इतर आवाजांचा ट्रॅक संवादांपासून वेगळा द्यावा लागतो. शिवाय एखाद्या गाण्याचे हक्क फक्त ब्रिटनपुरते घेतलेले असतील, तर परदेशासाठी ते नव्याने घ्यायचे, नाहीतर तिथे दुसरं संगीत घालायचं. प्रेक्षकाला यातलं काहीच दिसत नाही, पण सौदे इथेच अडतात.

मला जास्त ओढ फॉरमॅटच्या, म्हणजे कार्यक्रमाच्या साच्याच्या, विक्रीची. १९९८ मध्ये ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर 'हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर' आलं, २००० मध्ये 'कौन बनेगा करोडपती', आणि २०१३ मध्ये ईटीव्ही मराठीवर सचिन खेडेकरांचं 'कोण होईल मराठी करोडपती'. खेळाचा साचा तोच, पण हॉटसीटवर आपल्या गावाकडची माणसं. आमच्या घरी जेवणं थांबायची त्यासाठी.

ब्रिटनमध्ये २००३ च्या कम्युनिकेशन्स कायद्यानंतर स्वतंत्र निर्मात्यांना आपल्या कार्यक्रमांचे हक्क स्वतःकडे राखता येऊ लागले. इथल्या निर्मिती संस्था त्यामुळेच उभ्या राहिल्या, असं माझं ठाम मत आहे. मराठी निर्मात्यांनाही हे मिळायला हवं.

मालिका करणारे कुणी मित्र हे वाचत असाल तर सांगा, तुमच्या करारात परदेशी हक्क कुणाकडे राहतात?