वाण्याच्या यादीतले मीठ

सातारा जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. मे महिन्यातल्या एका दुपारी हृदयविकार विभागाच्या डॉक्टरांनी पंचावन्नच्या आसपासच्या एका मावशींना माझ्याकडे पाठवले. गोळ्या वेळेवर चालू असूनही त्यांचा रक्तदाब १६८/१०२ वरून हलत नव्हता आणि औषध वाढवण्यापूर्वी त्यांच्या खाण्यापिण्याची नीट चौकशी व्हावी, असे डॉक्टरांना वाटत होते.

मीठ किती खाता, या प्रश्नाला आमच्याकडे ठरलेलेच उत्तर मिळते. मावशीही म्हणाल्या, "मी अळणीच खाते की हो!" तेव्हा मी ताटाचा विषय सोडून वाण्याच्या यादीकडे वळले, कारण ताटात काय होते हे माणूस विसरतो, पण किराण्याचा हिशेब घर चालवणाऱ्या बाईला तोंडपाठ असतो. चार माणसांच्या त्या घरात महिन्याला दीड किलो मीठ लागत होते, म्हणजे माणशी रोज साडेबारा ग्रॅम. त्यातले काही वाया जाते हे धरले, तरी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या ५ ग्रॅमच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे सुमारे एक सपाट चहाच्या चमच्यापेक्षा, ते कितीतरी जास्त होते. शिवाय ते सैंधव होते आणि सैंधवाने रक्तदाब वाढत नाही, असे मुलाने मोबाइलवर वाचून आईला सांगितले होते. सैंधव म्हणजेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच. हे सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते आणि रक्तवाहिन्यांवरचा दाब वाढवते.

बोलता बोलता कळले की मावशी बचतगटात उडदाचे पापड लाटतात आणि उन्हाळाभर दुपारचे जेवण बाजूला ठेवून तेलात बुडवलेल्या लाट्यांवरच भागवतात. आता त्या लाट्यांची चव मलाही चांगली ठाऊक आहे, त्यामुळे मी फार कडक सूर लावू शकले नाही. पण लाटीत मीठ असतेच आणि वर पापडखार, म्हणजे पुन्हा सोडियमच. मावशींचा विश्वास बसेना. "खार म्हंजे मीठ नव्हं," असे त्या ठामपणे म्हणाल्या. मी सोडियमच्या क्षारांबद्दल दोन वाक्ये बोलले आणि मग सरळ सांगितले, की लाटा हव्या तितक्या, तोंडात मात्र टाकू नका.

आम्ही ठरवले ते साधे होते: महिन्याला एकच किलोची पिशवी आणायची, कणकेत आणि भातात मीठ घालायचे नाही, ताकाला मिठाऐवजी जिरेपूड लावायची, दुपारी भाकरीबरोबर पालेभाजी किंवा मुगाची उसळ खायची आणि संध्याकाळी ओढ्यापर्यंत भरभर चालत जाऊन यायचे. कमी सोडियमचे मीठ मी मुद्दामच सुचवले नाही, कारण त्यात पोटॅशियम असते आणि मावशींच्या मूत्रपिंडाचे अहवाल अजून यायचे होते.

पावसाळ्यात त्या परत आल्या तेव्हा रक्तदाब १४२/८८ होता. लाटण्याचा हंगाम संपल्याचाही त्यात वाटा असणार. गोळ्या आता बंद करू का, असे त्यांनी विचारताच डॉक्टरांनी साफ नकार दिला. मला मात्र त्यांच्या तर्जनीवरचा काळा डाग दिसला. मावशी सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. ती तंबाखूच, आणि तिच्यातले निकोटीन हिरड्यांतून रक्तात उतरून हृदयाचे ठोके व रक्तदाब दोन्ही वाढवते. मिठाबद्दल तासभर वाद घालणाऱ्या मावशी या विषयावर गप्प बसल्या, आणि मिश्री अजूनही सुटलेली नाही.