तुम्ही विचारलंत म्हणून: रामापिथेकसचं काय झालं?

"मॅडम, तुम्ही रामापिथेकस माणसाचा पूर्वज म्हणून शिकवलंत, आता तो पूर्वज नाहीच म्हणतात, मग उत्क्रांती तरी खरी कशावरून?" बॅचच्या ग्रुपवर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे हेच. दर वेळी विषय बदलते, आज लिहितेच. रामापिथेकस म्हणजे जबड्याच्या जीवाश्मावरून ओळखलेला एक प्राचीन वानर.

मी मनचं काही शिकवलं नव्हतं, पुस्तकात तेच होतं. १९३२ साली लुईस नावाच्या तरुण संशोधकाला हिमाचलात हरितल्यांगरला वरच्या जबड्याचा तुकडा मिळाला, एकाच बाजूचा. १९६१ मध्ये सायमन्स या संशोधकाने दुसरी बाजू अंदाजाने जुळवली तर दातांची ओळ माणसासारखी कमानदार दिसली, वानरांची असते तशी यू अक्षरासारखी नाही. पुढे पिलबीम या दुसऱ्या संशोधकानेही तेच मांडलं. मी ते फळ्यावर काढायचे, सापडलेला भाग पांढऱ्या खडूने आणि उरलेला पिवळ्याने.

८८ सालच्या वर्गात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, पिवळा भाग सापडलाय का?" हातात चार घड्या घातलेलं पेपरचं कात्रण होतं, की पाकिस्तानात पोटवारला शिवापिथेकस या दुसऱ्या प्राचीन वानराच्या चेहऱ्याचा जीवाश्म सापडलाय, डोळ्यांच्या खोबणी उभट, दोन डोळ्यांमधलं अंतर कमी, अगदी ओरांगउटान या आशियातल्या वानरासारखा, आणि रामापिथेकस त्याच्याच जवळचा. मी कात्रण हातातसुद्धा घेतलं नाही. "परीक्षक तुला कात्रण विचारणार नाहीये, बस खाली." वर्ग हसला. युनिट टेस्टला त्याने पुस्तकातलं उत्तर लिहून खाली एकच ओळ जोडली, "पण आता तो ओरांगउटानच्या जवळचा मानतात." मी लाल पेनाने ती खोडली आणि अर्धा मार्क कापला. त्यानंतर वर्षभर त्याने एकदाही हात वर केला नाही.

पोर्शन संपवायचा होता, साठ मुलं होती, तालुक्याच्या गावात कुठली जर्नल्स, हे सगळं खरंय. पण कात्रण तर समोर होतं ना! खूप नंतर वाचलं की सॅरिच आणि विल्सन या शास्त्रज्ञांनी १९६७ मध्येच रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तुलना करून सांगितलं होतं की माणूस आणि आफ्रिकी वानर वेगळे होऊन साधारण ५० लाख वर्षंच झाली. पुस्तकातला रामापिथेकस तर कोटीच्या वरचा, म्हणजे तो आपल्या एकट्याच्या वाटेवर असणं अवघडच होतं. आणि पोटवारचा तो चेहरा १९८२ मध्ये जगापुढे मांडला कोणी तर त्याच पिलबीमने, स्वतःचं जुनं मत सोडून. त्याला जमलं ते मला एका वर्गापुढे जमलं नाही.

पण म्हणून उत्क्रांतीच खोटी म्हणू नका, कळकळीने सांगते. चिंपांझीची गुणसूत्रं ४८, आपली ४६, कारण आपलं दोन नंबरचं गुणसूत्र दोन गुणसूत्रं जोडून झालंय आणि एरवी टोकाला असणारा डीएनए त्याच्या मध्यावर, जोडाच्या जागी, अजून दिसतो. तिथे पिवळा खडू लागत नाही.

तो अर्धा मार्क मात्र मनातून जात नाही. कापायला नको होता. पण बोर्डाच्या पेपरात त्याने तीच ओळ लिहिली असती तर मार्क गेला असता का, त्याला मी काय सांगायला हवं होतं, लिही की लिहू नको? कालच नातीने हेच विचारलं, तिच्या नोट्समध्ये अजून रामापिथेकस माणसाच्या रांगेत उभा आहे. मी म्हटलं थांब, बघून सांगते.