बेल बदलली, कडी तीच

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराला आज व्हिडिओ डोअरबेल लागली. आईचा आग्रह बॅटरीवालीचा, "उगाच भिंत फोडू नका रे!" पण दर काही महिन्यांनी ती काढून चार्ज कोण करणार? मीच ना! म्हणून वायरवालीच घेतली.

खरी गंमत वायरिंगची. आपल्याकडच्या जुन्या बेलला थेट 230 व्होल्ट जातात आणि हिला लागतात 16 ते 24 व्होल्ट एसी. जुन्या तारा तशाच जोडल्या असत्या तर दिवाळी आजच झाली असती. इलेक्ट्रिशियनभाईंनी मेन बंद केला, टेस्टर लावून खात्री केली, बोर्डामागे व्होल्टेज कमी करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर बसवला आणि तिथून दोन बारीक तारा पट्टीतून चौकटीपर्यंत नेल्या. भिंत शाबूत, आई खूश.

बेलचं वायफाय 2.4 गिगाहर्ट्झवरच ठेवलंय, तो सिग्नल भिंतीतून बरा जातो. 5 गिगाहर्ट्झचा आमच्या हातभर जाड भिंतींपुढे मान टाकतो. कॅमेरा जरा खाली झुकवलाय, नाहीतर समोरच्या काकूंची ओसरीच दिवसभर दिसत राहील. ते काही बरं नव्हे.

संध्याकाळी शेजारचे काका आले. बेलकडे ढुंकूनही न बघता त्यांनी नेहमीसारखी कडी वाजवली.