तुल्साचा बंदूक-बाजार आणि इशापूरची रायफल

एप्रिलमध्ये एकदा आणि नोव्हेंबरमध्ये एकदा, ओक्लाहोमातल्या तुल्सा शहरात वानेनमाकर्स तुल्सा आर्म्स शो भरतो. शनिवार-रविवार, एकाच छपराखाली ११ एकर जागा, चार हजारांच्या वर टेबलं. जगातला सर्वांत मोठा गन शो अशी ते स्वतःची जाहिरात करतात आणि आत शिरल्यावर वाद घालायचा उत्साह राहत नाही. मी आणि माझा एक मित्र नोव्हेंबरच्या शोला डॅलसहून गाडीने गेलो. यूएस-७५ धरायचा आणि उत्तरेला निघायचं, चार-साडेचार तास. वाटेतल्या टोलरोडवर टेक्ससचा टोलटॅग चालतो, वेगळं काही घ्यावं लागत नाही. जागा सापडणं अवघड नाही, कारण प्रदर्शनाच्या इमारतीसमोर ‘गोल्डन ड्रिलर’ हा तेलकामगाराचा सुमारे ७५ फुटी पिवळा पुतळा उभा आहे.

मित्राला जुनं पोलिसी रिव्हॉल्व्हर हवं होतं. मला इशापूरची रायफल.

इशापूर म्हणजे कोलकात्याजवळचा आपला सरकारी रायफल कारखाना. आपल्याकडच्या बहुतेकांनी ली-एनफिल्ड जातीची रायफल कधी ना कधी पाहिलेली असते. बँकेच्या दारातल्या, कोर्टाबाहेरच्या, बंदोबस्तावरच्या पोलिसाच्या खांद्यावरची थ्री नॉट थ्री ती हीच. २६/११ ला सीएसटी स्टेशनावर काही पोलिसांच्या हातात तीच होती. मला हवी होती तिची धाकटी बहीण, १९६० च्या दशकातली २ए१. दिसायला थ्री नॉट थ्री, पण ७.६२ नाटो काडतुसासाठी जास्त मजबूत पोलादात नव्याने घडवलेली. भारताने निकालात काढलेल्या अशा रायफली अमेरिकेत ढिगाने आल्या आणि एके काळी अगदी किरकोळ किमतीत गेल्या. आता तसं नाही.

आता काहीच तसं नाही. रशियन मोसिन-नागां २०१० च्या आसपास शंभर डॉलरच्या आत मिळायची, ग्रीसने माखलेली, लाकडी खोक्यातून उचलून. तुल्सात पहिल्याच रांगेत एकाने तीच रायफल साडेपाचशेला लावली होती, वर ‘स्टालिनग्राड?’ अशी चिठ्ठी. प्रश्नचिन्हासकट. त्या प्रश्नचिन्हाचे तीनशे डॉलर.

चिठ्ठीवरचा आकडा ही विकणाऱ्याची इच्छा असते. कितीतरी टेबलवाले तीच बंदूक तोच आकडा लावून शोमागून शो फिरवत असतात. त्यांना ती विकायचीच असते असंही नाही. निवृत्त माणसं आहेत, गप्पा मारायला येतात, दोन दिवस मित्र भेटतात, मागच्या खुर्चीवर बायको विणत बसलेली असते. अशा टेबलावर भाव करण्यात वेळ घालवू नका. लिलावाच्या साइटवर ‘मागितलेली किंमत’ न बघता ‘प्रत्यक्ष विकली गेलेली किंमत’ बघायची सोय असते. निघण्यापूर्वी हव्या त्या वस्तूचे शेवटचे दहा-पंधरा सौदे कागदावर लिहून घ्या. कागदावरच, कारण त्या हॉलमध्ये हजारो लोकांच्या गर्दीत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. माझ्या कागदावर २ए१ साठी साडेचारशे ते साडेसहाशे असा पट्टा होता, स्थितीप्रमाणे.

आणि वस्तू एकच ठरवून जा. फार तर दोन. चार हजार टेबलांसमोर ‘बघू काय मिळतंय’ म्हणणारा माणूस दुपारपर्यंत पाय दुखवून घेतो आणि शेवटी बीफ जर्की, एक चिनी सुरी आणि दुकानापेक्षा महाग काडतुसं घेऊन बाहेर पडतो. जर्कीवाले पुष्कळ असतात. का, ते विचारू नका.

नव्या कोऱ्या बंदुका इथे घेण्यात मला अर्थ दिसला नाही. डब्यातली पंप शॉटगन एका टेबलावर आमच्या घराजवळच्या दुकानापेक्षा चाळीस डॉलरनी महाग होती. त्यावर तुल्साचा साडेआठ टक्क्यांच्या आसपासचा विक्रीकर आणि कार्ड वापरलं तर वर तीन टक्के. काडतुसांचंही तेच. मोठ्या पेट्या डोळ्यांत भरतात, पण एका गोळीमागे किती सेंट पडतात ते भागाकार करून बघा. रोख पैसे न्या, शंभराच्या नोटा कमी आणि विसाच्या जास्त. ४८० मान्य झाल्यावर पाचशे पुढे केले तर वीस परत येतात, पण पुढच्या सौद्यातली तुमची पत जाते.

थ्री नॉट थ्रीच्या टेबलांवर मी बराच रमलो. एकाकडे १९४२ ची इशापूरची रायफल अकराशेला होती. ‘बर्मा कँपेन’, तो ठामपणे म्हणाला. असेल. पण बोल्टवरचा, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्यावरचा, नंबर वेगळा आणि नळीवरचा वेगळा, म्हणजे दोन्ही भाग मूळ एकाच रायफलीचे नाहीत. शिवाय पुढच्या लाकडातून इशापूर कारखान्याचा आडवा स्क्रू आरपार गेलेला होता. मजबुतीसाठी तो तिथे घालत. तो असणं वाईट नाही, पण हजाराच्या वरची किंमत सांगणाऱ्याला त्याबद्दल दोन शब्द बोलता यावेत. याला वाटत होतं की आधीच्या मालकाने काहीतरी ठोकलं आहे. गोष्ट विकत घेऊ नका, रायफल घ्या. गोष्टीला कागद असेल तर वेगळं. आजोबांचं डिस्चार्ज पत्र, जुनी पावती, काहीही. नुसत्या तोंडच्या इतिहासाची किंमत शून्य धरा. आमच्या पुण्याच्या जुन्या बाजारात पेशवेकालीन अडकित्ता विकणारेही असंच सांगतात.

जुनी रायफल बघताना मी काय बघतो ते थोडक्यात. आधी विचारायचं, ‘हात लावू का?’ मग बोल्ट उघडून रिकामी असल्याची खात्री. दारावर तपासणी होते आणि बंदुकांच्या बोल्टला प्लॅस्टिकची पट्टी बांधतात, तरीही खात्री. नळीचं तोंड छताकडे किंवा जमिनीकडे, माणसांकडे कधीच नाही. परवानगीशिवाय चाप ओढायचा नाही. पट्टी असेल तर ती कापून नळी दाखवायला सांगायचं. खरा विकणारा कापतो. छोटी टॉर्च काडतूस बसतं त्या मागच्या बाजूने धरून नळीच्या तोंडाकडून आत बघायचं. जुनी लष्करी काडतुसं गंज आणणारी होती, त्यामुळे काळी नळी सर्रास दिसते. काळी चालेल. आटे, म्हणजे नळीच्या आतल्या वळणदार खाचा, धारदार असले पाहिजेत. खड्डे पडलेले असतील तर तीच रायफल भिंतीवर टांगायच्या भावात घ्या. मग नंबर: बोल्टच्या दांड्यावर, रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो तो मधला सांगाडा), नळीवर. एखादा नंबर बाकीच्यांपेक्षा ताजा आणि वेगळ्या ठशाचा दिसला तर नंतर जुळवून ठोकलेला. शेवटी लाकूड. दस्ता कापून, वार्निश लावून, शिकारी रायफल बनवलेली असेल तर संग्राहकाच्या दृष्टीने तिची किंमत निम्म्याहून खाली येते. गोळ्या मात्र ती तितक्याच चांगल्या मारते.

माझी रायफल मिळाली ती मागच्या बाजूच्या एका रांगेत, हरणांच्या शिकारीच्या रायफली मांडलेल्या टेबलावर. चिठ्ठीवर ‘एनफिल्ड .३०८, ६२५’ एवढंच. (.३०८ म्हणजे ७.६२ नाटोचं नागरी भावंड.) २ए१ ओळखायची सोपी खूण मॅगझिनमध्ये असते. थ्री नॉट थ्रीचं मॅगझिन खाली तिरकं उतरतं, हिचं चौकोनी डब्यासारखं. दस्त्याच्या पुढच्या लोखंडी पट्ट्यावर आर. एफ. आय. आणि १९६८. मागची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, ८०० मीटरपर्यंतची. आधीच्या २ए वर ती २००० पर्यंतची असे. नंबर सगळे जुळत होते. नळी मळकट पण आटे छान. दस्त्याला एक जुनी चीर, नीट चिकटवलेली.

अशा टेबलांवर वाजवी भाव मिळतो, कारण विकणाऱ्याचा जीव त्या वस्तूत नसतो. त्याचं गिऱ्हाईक हरणवालं. ही रायफल कुणाच्या तरी अदलाबदलीत त्याच्याकडे आलेली आणि परत घरी न्यायची त्याला इच्छा नाही. लष्करी रायफलींच्या खास टेबलावर तीच वस्तू घासाघीस करून फार तर पंचवीस उतरली असती. मी चीर दाखवली, कागद दाखवला नाही. ‘रोख दिले तर किती?’ तो म्हणाला साडेपाचशे. मी म्हटलं, उद्या दुपारी परत येतो, तोवर विचार करा. हे खरंच करायचं असेल तरच बोला. वस्तू जाऊ शकते आणि गेली तर हळहळायचं नाही.

रविवारी दुपारी दोननंतर हॉलचा रंग बदलतो. लोक खोकी बांधायला लागतात, लांबचा प्रवास डोळ्यांपुढे असतो, टेबलाचं भाडं वसूल झालेलं नसतं. शनिवारी सकाळी चांगल्या वस्तू असतात, रविवारी दुपारी चांगले भाव. दोन्ही हवं असेल तर दोन्ही दिवस जा. ४८० ला सौदा झाला. स्वस्त म्हणणार नाही, वाजवी म्हणेन.

आता कागदपत्रं, आणि इथे आपल्या लोकांनी जरा सावकाश वाचावं. एच-१बी, विद्यार्थी अशा तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याला बंदूक विकत घेणं किंवा बाळगणं संघराज्याच्या कायद्याने सर्वसाधारणपणे गुन्हा आहे. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर जाण्याआधी वकिलाला विचारा, टेबलवाल्याला नको. ग्रीन कार्ड असेल तर घेता येते. शो बघायला कुणीही जावं.

परवानाधारक विक्रेत्याकडे फॉर्म ४४७३ भरायचा, मग तो एनआयसीएसला, म्हणजे एफबीआयच्या तपासणी यंत्रणेला, विचारतो. १९९३ च्या ब्रेडी कायद्यातून आलेली ही व्यवस्था १९९८ पासून चालू आहे. ड्रायव्हिंग लायसन्सवर सध्याचाच पत्ता हवा. नाव लायसन्सवर आणि ग्रीन कार्डवर एकसारखं लिहिलेलं आहे ना ते घरीच बघा. वडिलांचं नाव मधलं की आडनावाचा भाग, हा घोळ आपल्याकडे घरोघरी असतो. उत्तर बहुतेकदा काही मिनिटांत येतं. ‘थांबा’ असं आलं तर तीन कामाचे दिवस जाऊ शकतात, आणि तोवर शो संपलेला असतो. म्हणून पैसे देण्यापूर्वी विचारा: उत्तर अडकलं तर माझ्या गावच्या डीलरकडे पाठवाल का, आणि खर्च कुणाचा?

दुसरा प्रश्न विचारायचा तो ‘तुमचं लायसन्स कुठल्या राज्याचं?’ परवानाधारकाला गन शोमध्ये जागेवर बंदूक ताब्यात देता येते ती त्याच्या परवान्याच्या राज्यातच. मिसूरीचा डीलर तुल्सात माल दाखवील, ऑर्डर घेईल, पण साधारणपणे जागेवर देणार नाही. माझा विक्रेता ओक्लाहोमाचा परवानाधारक होता. रायफल आणि शॉटगन परराज्यातल्या माणसाला डीलर समोरासमोर देऊ शकतो, दोन्ही राज्यांच्या कायद्यात बसत असेल तर. टेक्ससवाल्यांचं बसतं. कॅलिफोर्निया, न्यू जर्सीकडच्यांनी आपापलं बघावं.

पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचं तसं नाही, आणि मित्राचं गणित तिथेच बदललं. त्याला स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १० सापडलं, एका पोलीस खात्याने बदलून टाकलेलं. बाहेरून घासलेलं, आतून घट्ट, ३७५ ला. पण दुसऱ्या राज्यातल्या माणसाला ते जागेवर मिळत नाही. टेक्सासच्या डीलरकडे पाठवावं लागतं. पाठवणावळ आणि डीलरची फी मिळून आणखी सत्तर-ऐंशी डॉलर धरा. साडेचारशेला ते वाजवी राहिलं नाही. तो परत फिरला आणि मला वाटतं बरोबर फिरला.

हॉलमध्ये काही माणसं खांद्याला रायफल अडकवून, नळीत काठी खोचून, काठीला किमतीचा कागद लावून फिरत असतात. हे खासगी विकणारे. यांच्याकडे खरोखर चांगले भाव असतात. त्याच राज्यातल्या दोन रहिवाशांमधल्या अशा व्यवहाराला ओक्लाहोमात तपासणी लागत नाही. तुम्ही परराज्यातले असाल तर मात्र त्यांच्याकडून थेट काहीही घेता येत नाही, रायफलसुद्धा. मधे परवानाधारक हवा. शोमधले काही डीलर थोडी फी घेऊन हे काम करून देतात. विकणाऱ्याने त्याला नाही म्हटलं किंवा ‘कशाला कागद?’ म्हटलं, तर नमस्कार करून पुढे चला.

वारंवार घेणार असाल तर ‘टाइप ०३’ या संग्राहकांच्या परवान्याचा विचार करा. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपातल्या बंदुका त्यावर परराज्यातूनही थेट घरी मागवता येतात. तीन वर्षांचे ३० डॉलर. त्यानंतर तुल्साला जायचं कारण फक्त हात लावून बघणं एवढंच उरतं. पण ते कारण पुरेसं आहे.

डोळा तयार करायचा असेल तर आदल्या दिवशी क्लेअरमोरला थांबा. तुल्साहून ईशान्येला अर्धा-पाऊण तास, रूट ६६ वर. तिथे जे. एम. डेव्हिस या हॉटेलवाल्याने आयुष्यभर जमवलेल्या हजारो बंदुकांचं संग्रहालय आहे. खऱ्या जुन्या पॉलिशचा रंग कसा दिसतो ते तिथे काचेआड शांतपणे बघून ठेवलं की दुसऱ्या दिवशी नव्याने निळसर मुलामा चढवलेली नळी लांबूनच ओळखू येते.

रायफल घरी आल्यावर लगेच चालवू नका. गनस्मिथकडून, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडून, हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली जागा) तपासून घ्या. फार खर्च येत नाही, आणि चेहरा बोल्टच्या चार इंचांवर असतो. काडतुसं साध्या लष्करी दाबाची वापरा, जोरकस शिकारी .३०८ नकोत.

भारतात न्यायचा विचार मनातसुद्धा आणू नका. उलट दुसरीच काळजी घ्या. शोला किंवा रेंजवर नेलेली सॅक भारताच्या प्रवासाला वापरू नका. वापरलीच तर सगळे कप्पे उलटे करून झटका, अस्तराच्या आतसुद्धा बोटं फिरवा. कप्प्यात विसरलेल्या एका काडतुसावरून आपल्याकडच्या विमानतळांवर शस्त्र कायद्याखाली गुन्हे दाखल होतात, आणि मोकळं कवच सापडलं तरी चौकशीत विमान चुकतं. आमच्याकडे आता शोची सॅक वेगळी आहे, लाल रंगाची, आणि ती गॅरेजच्या बाहेर येत नाही.